मुळावर जिवाणू रुजतात कसे: विकरांचे काम आणि ते पारखण्याची रीत

पेट्री डिशमध्ये भलेमोठे पारदर्शक वलय दाखवणारा जिवाणू बियाण्याला लावावा आणि दोन आठवड्यांनी मुळे धुऊन पाहावी, तर त्याचा मागमूसही सापडू नये, असे या कामात वारंवार घडते. दोष बहुतेक वेळा निवडीच्या निकषात असतो. वलयावरून एवढेच कळते की विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होते. ते मुळावर, नेमक्या जागी, वेळेवर आणि बेताने तयार होते का, हे वलय सांगू शकत नाही. वनस्पतीची पेशीभित्तिका विरघळवण्यात सर्वांत तरबेज असलेले पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया हे जिवाणू तर कंद आणि भाज्या सडवणारे रोगकारक आहेत. मुळाशी मैत्री करणाऱ्या जिवाणूला त्यांच्याइतकी ताकद नको असते. त्याला ती आवरून वापरता यावी लागते.

म्हणून आधी कोणते विकर कुठल्या टप्प्यावर उपयोगी पडते ते पाहू, मग ते तपासण्याच्या चाचण्या, आणि शेवटी बियाण्यावर जिवाणू लावण्याचा हिशोब.

मातीपासून मुळाच्या आतपर्यंत

मुळाभोवतीच्या मातीच्या पातळ थराला रायझोस्फिअर हे नाव लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये दिले. या थरात मूळ शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले सतत पाझरवत असते. जिवाणू या पाझराच्या दिशेने पोहत येतो. दिशा ओळखण्याच्या यंत्रणेच्या केंद्रस्थानी चे-ए नावाचे विकर असते. बाहेरच्या रसायनाचा निरोप कशाभिकेच्या, म्हणजे पोहण्याच्या शेपटीच्या, मोटरपर्यंत पोहोचवणारी साखळी तेच सुरू करते. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्सच्या एका प्रकारात या विकराचे जनुक बंद केले, तर जिवाणू पोहतो, पण दिशाहीन भटकतो आणि मुळाच्या टोकाकडच्या स्पर्धेत मागे पडतो. पेशीभित्तिकेला हातही न लावणारे विकर वसाहतीचा निकाल ठरवते, हे ध्यानात ठेवावे. निवड करणारे नेमके तेच विसरतात.

मुळाला टेकल्यावर पोहणे थांबवून चिकटायचे असते. हा बदल घडवणारा अंतर्गत संदेश म्हणजे सायक्लिक-डाय-जीएमपी. काही विकरे तो बनवतात, काही मोडतात. त्याची पातळी वाढली की जिवाणू चिकट शर्करा स्रवून बायोफिल्म, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा थर, बांधू लागतो, घटली की पुन्हा पोहायला मोकळा होतो. बॅसिलस सबटिलिसमध्ये तर मूळच या बांधकामाला आमंत्रण देते. पेक्टिन, झायलान, अरॅबिनोगॅलॅक्टन ही पेशीभित्तिकेतली बहुशर्करा समोर आली की त्याची बायोफिल्मची जनुके जागी होतात. विकरांनी त्या शर्करांचे तुकडे केले की त्यांतली गॅलॅक्टोजसारखी साखर बायोफिल्मच्या धाग्यांसाठी कच्चा माल म्हणूनही वापरली जाते. म्हणजे इथे पेक्टिनेज आणि त्याच्या जोडीची विकरे इमारतीला विटा पुरवतात.

पुढचा अडसर म्हणजे वनस्पतीची प्रतिकारयंत्रणा. कशाभिकेतील फ्लॅजेलिन या प्रथिनाचा एक छोटा भाग मूळ ओळखते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक ऑक्सिजन-संयुगे सोडते. यातून सुटण्याचे तीन मार्ग जिवाणूंमध्ये दिसतात. कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही विकरे त्या संयुगांना निष्प्रभ करतात. काही स्यूडोमोनास आपले प्रोटिएज सोडून फ्लॅजेलिनचे सुटे रेणू चिरून टाकतात, त्यामुळे मुळाला ओळखण्याजोगे काही उरत नाही. तिसरा मार्ग सर्वांत रोचक आहे: ग्लुकोज डिहायड्रोजिनेज हे विकर ग्लुकोजचे ग्लुकोनिक आम्ल करते, त्या आम्लाने मुळाच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) उतरतो आणि मुळाचा प्रतिसाद मंदावतो. मातीतला अविद्राव्य कॅल्शियम फॉस्फेट विरघळवणारे मुख्य विकरही हेच. एरवी स्फुरद विरघळवण्यासाठी निवडलेला जिवाणू मुळावरही चांगला टिकतो तेव्हा त्यामागे ही दुहेरी कामगिरी असू शकते.

एसीसी डिॲमिनेजचा मार्ग वेगळा आहे. पाण्याचा किंवा क्षारांचा ताण पडला की मुळात एसीसी या संयुगापासून इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढते आणि मुळांची वाढ खुंटते. जिवाणू पाझरलेले एसीसी शोषून त्याचे अमोनिया आणि अल्फा-कीटोब्युटिरेट करतो. त्याला नत्र मिळते, मुळावरचा इथिलीनचा दाब कमी होतो, आणि लांब वाढणारे मूळ म्हणजे वस्तीला अधिक जागा.

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींसाठी रायझोबियमला, म्हणजे गाठीत राहून हवेतले नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूला, प्रत्यक्ष आत शिरावे लागते. त्याआधी नॉड-सी, नॉड-बी आणि नॉड-ए ही तीन विकरे एक संदेशरेणू रचतात: पहिले अमिनोशर्करेच्या तीन ते पाच कड्या जोडते, दुसरे टोकाच्या कडीवरचा ॲसिटिल गट काढते, तिसरे तिथे मेदाम्लाची शेपटी लावते. हा रेणू अत्यल्प प्रमाणात, नॅनोमोलर आणि त्याहूनही कमी, मूळरोमाला वळवतो. त्या वळणात अडकलेला जिवाणू रोमाच्या टोकाची मऊ भित्तिका किंचित झिजवून आत जातो. क्लोव्हर या बरसीमवर्गीय चारापिकाच्या रायझोबियममध्ये हे काम सीईएल-सी-२ नावाचे सेल्युलेज करते. ते नसेल तर ही पहिली वाट नीट उघडत नाही. गंमत म्हणजे हेच विकर जिवाणूच्या स्वतःच्या सेल्युलोज धाग्यांचीही छाटणी करते, आणि त्या धाग्यांवरच मुळाची पकड अवलंबून असते. छाटणीचे प्रमाण बिघडले की बायोफिल्मही बिघडते. «जास्त सेल्युलेज म्हणजे चांगला जिवाणू» हा समज इथेच कोसळतो.

प्राथमिक चाचण्या

सर्व चाचण्यांत दोन ताण (जिवाणूंचे वाण, स्ट्रेन) सोबत लावावेत: एक विकर हमखास बनवणारा, दुसरा न बनवणारा. जिवाणूंचे द्रावण समान घनतेचे करून प्रत्येकी ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवावा. रेषा ओढून लावलेल्या वाढीच्या वलयांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

सेल्युलेजसाठी १ लिटर पाण्यात सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) ५ ग्रॅम, यीस्ट एक्सट्रॅक्ट १ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम आणि आगर १५ ग्रॅम घ्यावे, सामू ७ करावा. सीएमसी एकदम ओतले तर गोळे होतात. ढवळत्या कोमट पाण्यात चिमटी-चिमटीने भुरभुरावे. २८ ते ३० अंश सेल्सिअसला ३ ते ५ दिवस वाढ झाल्यावर काँगो रेड या रंगाचे ०.१ टक्के द्रावण १५ मिनिटे ठेवून काढावे आणि १ मोलर मिठाच्या द्रावणाने १५ मिनिटे धुवावे. लाल पार्श्वभूमीवर फिकट वलय दिसते. वसाहत पुसून काढून तिच्याखालचा भागही पाहावा, कारण रायझोबियमची सेल्युलेजे बरीचशी पेशीला चिकटूनच राहतात आणि वलय वसाहतीबाहेर पसरतच नाही. अशा वेळी दुहेरी थराची पद्धत वापरावी: आधी साध्या माध्यमावर वाढ घ्यावी, त्यावर ०.२ टक्के सीएमसी असलेले मऊ आगर ओतावे आणि नंतर रंगवावे. ही खबरदारी न घेतल्याने कितीतरी चांगले रायझोबियम «सेल्युलेज नाही» असा शिक्का बसून बाद होतात.

पेक्टिनेजसाठी सीएमसीच्या जागी ५ ग्रॅम पेक्टिन घ्यावे आणि वाढीनंतर सीटॅब या साबणासारख्या रसायनाचे १ टक्का द्रावण ओतावे. न तुटलेले पेक्टिन पांढुरके गढूळ होते, तुटलेल्या जागी पारदर्शक वलय राहते. प्रोटिएज दुधाच्या पावडरीच्या आगरवर कळते. दूध वेगळे निर्जंतुक करावे, नाहीतर साखर करपून माध्यम तपकिरी होते. कॅटालेजला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब पुरतो, मात्र रक्तयुक्त माध्यमावरची वाढ आणि लोखंडी लूप टाळावा, दोन्हींमुळे खोटे बुडबुडे येतात.

स्फुरदासाठी पिकोव्हस्काया माध्यम, त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लिटरला ५ ग्रॅम. इथले वलय बहुतांशी आम्लामुळे पडते. सेंद्रिय संयुगांतून स्फुरद सोडवणाऱ्या फॉस्फेटेज किंवा फायटेज या विकरांबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही गल्लत फार प्रचलित आहे.

एसीसी डिॲमिनेजसाठी नत्रविरहित क्षारमाध्यमात एसीसी ३ मिलिमोलर मिसळावे. ते ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करून थंड होत आलेल्या माध्यमात घालावे, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नये. सोबत नत्र अजिबात नसलेली एक आणि अमोनियम सल्फेट असलेली एक डिश ठेवावी. आगरमध्ये नत्राचे अंश असतातच, त्यामुळे पहिल्या डिशमधली थोडी वाढ फसवी असते. सलग तीन वेळा नव्या डिशवर उचलूनही वाढ टिकली तर ती खरी मानावी, आणि अल्फा-कीटोब्युटिरेट ५४० नॅनोमीटरला मोजून खात्री करावी.

एक चूक सगळीकडे आढळते: सेल्युलेज आणि पेक्टिनेजच्या माध्यमात ग्लुकोज घालणे. सोपी साखर समोर असेपर्यंत अनेक जिवाणू बहुशर्करा तोडणारी विकरे बनवतच नाहीत.

मुळावरची खरी परीक्षा

इथे घाई करू नये, कारण निर्णय याच टप्प्यावर व्हायचा असतो.

खूण. सोडलेला जिवाणू नंतर ओळखता आला पाहिजे. त्यासाठी रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक सहन करणारे आपोआप घडलेले बदल निवडणे सोपे पडते: दाट वाढलेले द्रावण मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम रिफाम्पिसिन असलेल्या आगरवर पसरावे आणि दोन-तीन दिवसांनी उगवलेल्या वसाहती वेचाव्यात. प्रत्येकीचा वाढीचा वेग मूळ ताणाशी ताडून पाहावा. हा बदल जनुकवाचन करणाऱ्या विकरातच होतो, त्यामुळे काही वसाहती अशक्त निघतात. मंद वाढणारी निवडली तर पुढचा सगळा प्रयोग वाया जातो.

बियाणे. ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ मिनिट, मग २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ५ ते १० मिनिटे, नंतर निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुणे. पातळ सालीच्या बियांना वेळ कमी द्यावा. शेवटच्या धुण्याचे पाणी आगरवर पसरून निर्जंतुकता तपासावी. बिया ०.८ टक्के पाणी-आगरवर अंधारात अंकुरू द्याव्यात आणि ज्यांच्याभोवती काही उगवले त्या टाकून द्याव्यात.

जिवाणूंचे द्रावण. रात्रभर वाढवलेल्या पेशी सेंट्रिफ्यूज करून, वापरलेले माध्यम ओतून, फॉस्फेट बफरमध्ये दोनदा धुवाव्यात. न धुतल्यास माध्यमातली साखर आणि आधीच स्रवलेली विकरे मुळावर जातात आणि निकाल गढूळ होतो. घनता मिलिलिटरला १० कोटी पेशी ठेवावी. ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेल्या गढूळपणाच्या कोणत्या आकड्याला इतक्या पेशी असतात, हे प्रत्येक ताणासाठी स्वतः मोजून ठरवावे. दुसऱ्याच्या तक्त्यातला आकडा उसना घेऊ नये.

लागवड. मोठ्या परीक्षानळीत ६० ग्रॅम धुतलेली वाळू आणि ६ मिलिलिटर कर्बविरहित पोषकद्रावण, २४ तासांच्या अंतराने दोनदा ऑटोक्लेव्ह केलेले. एकदाच केल्यास बीजाणू उरतात. अंकुर द्रावणात ३० मिनिटे बुडवून लावावेत. प्रत्येक गटात किमान ८ ते १० रोपे असावीत.

इथे तीन गट हवेतच: एकटा मूळचा ताण, एकटा तुलनेचा ताण, म्हणजे त्या विकराचे जनुक बंद केलेला, आणि दोघांचे सम प्रमाणातले मिश्रण. निर्जंतुक वाळूत एकटा असताना कमकुवत जिवाणूही मूळ भरून टाकतो, कारण त्याला हुसकावणारे कोणी नसते. फरक मिश्रणातच उघड होतो. स्यूडोमोनासमधले एक पुनर्संयोजक (डीएनए तोडून पुन्हा जोडणारे) विकर मुळाच्या टोकावर वसण्यासाठी लागते, हे अशाच स्पर्धेच्या प्रयोगांतून समजले. दोन ताणांच्या खुणा वेगवेगळ्या हव्यात, आणि खुणांची अदलाबदल करून प्रयोग एकदा परत करावा.

मोजणी. १, ३, ७ आणि १४ व्या दिवशी मूळ उपटून हलकेच झटकावे. वरचा भाग आणि शेवटचे २ सेंटिमीटर वेगळे कापावेत. वरचा भाग तर बुडवलेल्या पेशींनी आधीच माखलेला असतो. वाढत्या मुळाबरोबर कोण खाली पोहोचले, हे टोकच सांगते. तुकडे वजन करून ०.०१ टक्के ट्वीन (सौम्य साबणासारखा पदार्थ) असलेल्या ५ मिलिलिटर बफरमध्ये दोन मिनिटे व्हॉर्टेक्स यंत्रावर जोरात घुसळावेत, दहापटीने विरळ करत जावे आणि १०० मायक्रोलिटर पसरावे. ३० ते ३०० वसाहती असलेली डिशच मोजावी.

उदाहरण: मुळाचे वजन ०.५ ग्रॅम, दहा हजार पट विरळ द्रावणाच्या डिशवर ६४ वसाहती. ६४ गुणिले १० म्हणजे त्या विरळ द्रावणात मिलिलिटरला ६४०. गुणिले १०,००० म्हणजे मूळ बफरमध्ये मिलिलिटरला ६४ लाख. ५ मिलिलिटरमध्ये ३ कोटी २० लाख. भागिले ०.५, म्हणजे मुळाच्या ग्रॅमला ६ कोटी ४० लाख. सरासरी काढण्यापूर्वी प्रत्येक रोपाच्या आकड्याचा लॉगॅरिदम घ्यावा, नाहीतर एकच भरगच्च रोप सगळ्यांची सरासरी ओढून नेते.

आत शिरलेले जिवाणू मोजायचे असतील तर धुतलेले मूळ १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये १ ते २ मिनिटे, मग २ टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये, मग पाण्यात, आणि त्यानंतर खलात वाटावे. शेवटच्या पाण्यात एकही वसाहत उगवली तर ते मूळ मोजणीतून वगळावे. पेशी आत आहेत की भेगांत दडल्या आहेत, हे मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. उपमुळे फुटतात तिथल्या नैसर्गिक फटींतून बरेच जिवाणू विकरांची फारशी मदत न घेताच आत जातात.

निर्जंतुक वाळूत पास झालेला ताण नंतर निर्जंतुक न केलेल्या खऱ्या मातीत पारखावा. तिथे आकडे घसरतात. किती घसरतात आणि चौदाव्या दिवशी स्थिरावतात का, याला खरी किंमत आहे.

बियाण्यावर लावताना

सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्यावर पेरणीच्या वेळी किमान १ लाख जिवंत रायझोबियम असावेत, मध्यम दाण्यावर १० हजार, बारीक बियांवर हजार. किलोत ६,००० दाणे धरले तर ६० कोटी जिवंत पेशी लागतात. सुकताना दहातल्या नऊ मरतील असे धरले तर ६०० कोटी लावाव्या लागतात. द्रावणात मिलिलिटरला १०० कोटी असतील तर ६ मिलिलिटर पुरते. शंभरातल्या नव्याण्णव मरणार असतील तर ६० मिलिलिटर लागेल, आणि इतक्या पाण्याने सोयाबीनची साल सुरकुतून सुटते. म्हणून मात्रा वाढवत बसण्यापेक्षा मर थांबवावी: द्रावणात १ ते २ टक्के सीएमसी किंवा बाभूळवर्गीय डिंक मिसळावा, बी सावलीत सुकवावे आणि २४ तासांच्या आत पेरावे.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन पेशी मारते. उघड्या भांड्यात ठेवल्याने साधे क्लोरीन उडते, क्लोरामाइन उडत नाही, त्यामुळे पाण्याचा स्रोत माहीत असावा. बुरशीनाशक लावायचेच असेल तर ते आधी लावून पूर्ण सुकू द्यावे आणि त्या औषधाबरोबर जिवाणू किती तास तगतो ते डिशवर मोजून घ्यावे. तांबे आणि जस्त असलेली औषधे जास्त घातक ठरतात. रासायनिक खत आणि लेप दिलेले बी एकाच चाड्यात मिसळू नये.

पेरणीनंतर हलके पाणी अत्यंत महत्त्वाचे. जिवाणू मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून पोहतो. छिद्रे कोरडी असली की दिशा ओळखणारी सगळी विकरे असूनही तो जागचा हलत नाही. झिरपणारे पाणी त्याला मुळाबरोबर खाली नेते. ते नसेल तर वसाहत बियाण्याजवळच्या काही सेंटिमीटरांतच राहते.

विकरांची नुसती पावडर मातीत टाकून हा परिणाम मिळत नाही. सुटे विकर चिकणमातीच्या कणांना चिकटून बसते किंवा मातीतल्या प्रोटिएजांचे खाद्य होते. मुळाला टेकलेली जिवंत पेशी हवे तेव्हा, हवे तेवढेच विकर सोडते, आणि तेच काम करते.

बिघाड कुठे शोधावा

मुळावर जिवाणू भरपूर पण गाठी नाहीत, असे असेल तर पहिला संशय मातीतल्या नायट्रेटवर घ्यावा. नत्र मुबलक असले की वनस्पती गाठींची वाट स्वतःच बंद करते. दुसरा संशय सामूवर: ५ च्या खाली बहुतेक रायझोबियम आणि त्यांचे संदेश दोन्ही अडखळतात. तिसरा जोडीवर: क्लोव्हरचा ताण सोयाबीनवर गाठ करत नाही, कारण संदेशरेणूची सजावट त्या वनस्पतीला ओळखीची नसते. गाठी आहेत पण कापल्यावर पांढऱ्या किंवा हिरवट दिसतात, तर आत नत्राचे स्थिरीकरण चालू नाही. चालू असते तेव्हा लेगहिमोग्लोबिन या लाल प्रथिनामुळे आतला भाग गुलाबी-लाल असतो.

स्फुरद विरघळवणारा जिवाणू डिशवर उत्तम आणि शेतात निष्प्रभ असेल तर मातीची आम्ल पचवण्याची क्षमता तपासावी. चुनखडीयुक्त माती ग्लुकोनिक आम्ल जागच्या जागी उदासीन करते. उपलब्ध स्फुरद आधीच जास्त असेल तर फॉस्फेटेजची जनुके बंदच राहतात.

पहिल्या दिवशी मोजणी उत्तम आणि सातव्या दिवशी हजारपटीने कमी, अशी घसरण दिसली तर बहुधा पेशी चिकटल्या होत्या, पण वाढल्या नाहीत. अशा ताणाची बायोफिल्म वेगळी तपासावी: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवून, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेटने १० ते १५ मिनिटे रंगवून, धुऊन, ३० टक्के ॲसिटिक आम्लात रंग सोडवून ५५० नॅनोमीटरला वाचन घ्यावे. माध्यमात ०.५ टक्के पेक्टिन घालून आणि न घालून असे दोन संच ठेवावेत. पेक्टिनने बायोफिल्म वाढत असेल, तर तो जिवाणू मुळाचे आमंत्रण ओळखतो, आणि घसरणीचे कारण ओलावा, स्पर्धक किंवा बियाण्यावरचे औषध यांत शोधावे.